रहस्यकथा, प्रेमकथा, चित्रकथा आणि आपले वाचनालय

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, देहूरोड आणि आता चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कामगार वसाहतींत बुद्धविहाराला लागून एखादे लहानसे वाचनालय आढळते. तेथील कपाटात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म', बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड, जोतीराव फुले यांचे वाङ्मय आणि क्वचित त्रिपिटकातील एखाद्या ग्रंथाचा अनुवाद असतो. हा संग्रह मोलाचा आहे, याविषयी दुमत नाही. तथापि याच वसाहतींतील पाळीवर जाणारे कामगार, गृहिणी आणि शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली फावल्या वेळी काय वाचतात असे विचारले, तर उत्तर बहुधा त्या कपाटाबाहेर सापडते. रद्दीच्या दुकानातून आणलेली रहस्यकथा, मासिकातली प्रेमकथा, मुलांच्या हातातली चित्रकथा आणि अलीकडे मोबाईलवर वाचली वा ऐकली जाणारी कादंबरी, असे हे वाचन आहे. ज्येष्ठ मंडळी समोर आली की ते पुस्तक उशाखाली जाते. चळवळीतील माणसाने अशा वाचनात वेळ दवडू नये, हे मत आपल्या सभा-बैठकांतून वारंवार ऐकू येते आणि त्याला धम्माचा आधार आहे असेही सांगितले जाते. हा आधार कितपत खरा आहे आणि या पुस्तकांचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, याचा विचार करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम आक्षेपाची बाजू पूर्ण बळाने मांडणे न्यायाचे होईल. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात 'तिरच्छानकथा' म्हणून एक यादी येते. राजकथा, चोरकथा, भयकथा, युद्धकथा, स्त्रीकथा आदी बोलण्यापासून श्रमण गौतम दूर राहतात, असे तेथे म्हटले आहे. आजच्या रहस्यकथेला चोरकथा आणि भयकथा ही नावे चपखल बसतात, हे कोणीही मान्य करील. अट्ठकथेच्या मते ही कथा मुक्तीच्या मार्गाने पुढे न जाता आडवी जाते, म्हणून ती तिरच्छान. दुसरा आधार सिगालोवादसुत्ताचा. गृहस्थाच्या संपत्तीचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत तमाशे-मेळे पाहत हिंडणे ही एक गणली असून नृत्य, गीत, वाद्य यांच्याबरोबर तेथे 'अक्खान', म्हणजे आख्यान, याचाही उल्लेख आहे. तिसरा आधार सर्वांत कठोर आहे. संयुत्तनिकायात तालपुट नावाचा नटप्रमुख भगवंतांना विचारतो की, लोकांना हसविणारा आणि रमविणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो हे खरे काय. भगवंत उत्तर देण्याचे टाळतात आणि अखेर आग्रहामुळे सांगतात की, जे लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी बांधलेले आहेत, त्यांच्यासमोर नट हेच विकार वाढविणाऱ्या गोष्टी आणतो. स्वतः प्रमत्त होऊन इतरांना प्रमत्त करणाऱ्याची गती चांगली नसते.

हे तीनही संदर्भ त्यांच्या जागी ठेवून वाचले पाहिजेत. ब्रह्मजालसुत्तातील टीकेचा रोख श्रद्धेने दिलेले अन्न खाऊन गप्पा झोडणाऱ्या श्रमण-ब्राह्मणांवर आहे. दात्याने ज्या साधनेसाठी अन्न दिले ती सोडून चोरांच्या आणि राजांच्या गोष्टी सांगत बसणे, हा तेथील दोष होय. रात्रपाळी करून स्वतःच्या घामाचे अन्न खाणाऱ्या कामगाराला हा नियम जसाच्या तसा लावणे म्हणजे विनय आणि गृहस्थधर्म यांतील भेद पुसणे आहे. सिगालोवादसुत्त मात्र गृहस्थालाच उद्देशून आहे. तेथे दोष म्हणून जे सांगितले आहे, ते 'नृत्य कोठे आहे, गीत कोठे आहे, आख्यान कोठे आहे' असे विचारीत कामधंदा सोडून धावत सुटणे. निषेध या धावण्याचा आहे. आख्यान ऐकणे हेच पाप, असे सुत्त म्हणत नाही. शिवाय भिक्खूने टाळावयाच्या 'अक्खान' या शब्दाचा अर्थ सांगताना अट्ठकथाकारांनी उदाहरण दिले आहे ते भारतयुद्धाच्या कथेचे. महाकाव्य तेवढे उच्च आणि रहस्यकथा तेवढी नीच, अशी उतरंड पालि परंपरेला ठाऊक नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

तालपुटाला दिलेले उत्तर मात्र आम्हांस आजही पूर्णपणे लागू वाटते. त्यात रंजनावर सरसकट बंदी नसून रंजनाची कसोटी आहे. कथा वाचून संपल्यावर वाचकाचा राग, द्वेष आणि मोह वाढला की सैल झाला, हा तो प्रश्न. या कसोटीकडे आम्ही पुढे वळणार आहोत. त्याआधी फावल्या वेळाविषयी लिहिणे अवश्य आहे. कारण वेळ दवडला जातो हाच आक्षेपाचा गाभा आहे.

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. पशूचे जीवन आणि माणसाचे जीवन यांत फरक पडतो तो संस्कृतीमुळे. संस्कृतीसाठी फुरसत हवी. आणि बहुसंख्य माणसांना फुरसत मिळावयाची तर त्यांच्या श्रमाचा भार यंत्राने उचलला पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय आहे. हा केवळ ग्रंथातील विचार नव्हता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचे कमाल तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. आठवड्यातले हे सहा तास कोणाच्या दयेने मिळालेले नाहीत.

ज्या पट्ट्याविषयी आम्ही लिहीत आहोत, तो या विचाराची कसोटी पाहणारा प्रदेश आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, पुढे कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि नंतरच्या दशकांत हीच वाढ चाकणपर्यंत पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांतून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. ज्यांच्या आजोबांना अक्षर गिरविण्याची मुभा नव्हती, त्यांच्या नातवाला पाळी संपल्यावर दोन तास स्वतःचे म्हणून मिळाले. त्या दोन तासांत त्याने केवळ मजकडे आनंद देईल म्हणून एखादे पुस्तक उघडले, तर ती गोष्ट बाबासाहेबांच्या विचाराशी विसंगत ठरत नाही. विसंगत आहे ते कंत्राटी कामगाराचे जादा तासांच्या कामात हे दोन तासही हरवून बसणे. आपल्या बैठकांतून रहस्यकथेविरुद्ध जितके बोलले जाते, तितके या हिरावलेल्या वेळेविरुद्ध बोलले जावे, असे आम्हांस वाटते.

आता कसोटी. रहस्यकथेपासून प्रारंभ करू. मराठीत या प्रकाराचे अग्रणी म्हणजे बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). हजाराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. पुढे गुरुनाथ नाईक आणि आपल्या पुण्याचेच सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी हा वाचकवर्ग सांभाळला. स्वस्त छपाई, छोटी वाक्ये, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ताणलेली उत्कंठा आणि भाड्याने पुस्तक देणारी वाचनालये यांमुळे नुकते वाचू लागलेल्या माणसाला सबंध पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढल्याचा पहिला आत्मविश्वास या कथांनी दिला. समीक्षकांनी त्यांची नोंद घेतली नाही, तरी साक्षरतेच्या इतिहासाला ती घ्यावी लागेल.

परंतु रहस्यकथेचा विकार कोणता, हेही सांगितले पाहिजे. तो द्वेषाचा, म्हणजे येथे संशयाचा आहे. गुन्हा घडला की संशय कोणावर जातो? अंगाने काळा, फाटक्या कपड्यांचा, वस्तीतला, भटका माणूस अनेक कथांत पहिल्याच प्रकरणात संशयित ठरतो. हा केवळ लेखकाचा आळस नव्हे. १८७१ च्या कायद्याने या देशात संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्याने लावलेली नजर कायद्याबरोबर गेली नाही.

या नजरेला उत्तर देणारी एक रहस्यकथा पालि साहित्यात आहे, आणि ती बहुतेक वाचकांच्या दृष्टीआड राहिली आहे. जातकट्ठकथेतील ९२ वे महासारजातक ते हे. राणी स्नानाला गेली असता तिचा मोत्यांचा हार एक वानरी पळवते. आरडाओरडा होताच एक गरीब खेडूत भीतीने धावत सुटतो आणि पळाला म्हणून चोर ठरतो. मार वाचविण्यासाठी तो चोरी कबूल करतो आणि हार श्रेष्ठीला दिल्याचे सांगतो. श्रेष्ठी पुरोहिताचे नाव घेतो, पुरोहित गायकाचे, गायक गणिकेचे. पाच माणसे, पाच जबाब आणि हार कोणाजवळच नाही. अमात्य असलेला बोधिसत्त्व येथे तपास हाती घेतो. तो कोणालाही चाबूक लावीत नाही. पाचही जणांना एकत्र ठेवून रात्री ते आपापसांत काय बोलतात, हे तो गुप्तपणे ऐकवून घेतो. ज्याच्या घरी धड बाजही नाही त्याने मौल्यवान हार घेऊन करायचे काय, हे खेडुताच्या तोंडचे सत्य त्या रात्री बाहेर येते. मग उद्यानात वानरांचा वावर आहे हे ध्यानात घेऊन अमात्य खोट्या मण्यांचे अलंकार करवतो आणि ते वानरींना घालवतो. त्यांचा तोरा पाहून चोर वानरी न राहवून खरा हार गळ्यात घालते आणि पकडली जाते.

ही कथा आम्हांस आधुनिक अर्थाने रहस्यकथा वाटते, ती केवळ युक्तीमुळे नव्हे. पळणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही, मारून घेतलेला कबुलीजबाब हा पुरावा नाही आणि गरिबी तर मुळीच नाही, हे तीन निष्कर्ष ती उत्कंठा किंचितही न घटविता वाचकाच्या मनात रुजविते. तिच्या प्रास्ताविक कथेतही कोसलराजाच्या मुकुटातील मणी हरवतो तेव्हा अंतःपुरातील स्त्रियांचा छळ सुरू होतो. आनंद स्थविर मात्र पडद्याआड पाण्याचा घडा ठेवून प्रत्येकाला एकट्याने आत जाण्यास सांगतात, म्हणजे ज्याने मणी घेतला त्याला तो लाज न जाता परत करता येईल. मणी मिळतो, कोणाचे नाव मात्र पुढे येत नाही. रहस्यकथा वाचून झाल्यावर वाचकाने एवढेच विचारावे: यातील तपास महासारजातकातील अमात्याचा आहे, की चाबूक घेऊन धावणाऱ्या राजपुरुषांचा?

अण्णा भाऊ साठे यांनी हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडविला. १९५९ साली आलेली 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. साहस, पाठलाग, लूट, सूड, उत्कंठा ही रंजक कादंबरीची सर्व सामग्री तीत आहे. फरक इतकाच की, रहस्यकथेत जो संशयित म्हणून उभा राहिला असता, गोऱ्या सरकारने ज्याच्या माणसांना हजेरीला बांधले, तो मांग तरुण येथे नायक आहे आणि भुकेल्यांसाठी धान्य लुटतो. ही कादंबरी कामगारांनी आवडीने वाचली, ती तीत संदेश आहे म्हणून नव्हे. हाती घेतली की खाली ठेववत नाही म्हणून. दलित साहित्याच्या समीक्षेने अण्णा भाऊंच्या विद्रोहाविषयी पुष्कळ लिहिले; त्यांच्या रंजनशक्तीविषयी फार थोडे लिहिले.

प्रेमकथेची गोष्ट अधिक नाजूक आहे, कारण तिचा विकार राग, म्हणजे आसक्ती हाच आहे. चंद्रकांत काकोडकर यांच्या 'श्यामा' या कथेवर, ती १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आल्यानंतर, अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नसल्याचा निर्णय दिला. वाङ्मयीन स्वातंत्र्याच्या दृष्टीने तो निर्णय महत्त्वाचा होता. परंतु मराठी प्रेमकथेला विचारावयाचा खरा प्रश्न त्या खटल्यात नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. तो प्रश्न असा की, या कथांत प्रेम करण्याचा अधिकार कोणाला आहे? बहुसंख्य लोकप्रिय प्रेमकथांत नायक-नायिकांच्या आड श्रीमंती-गरिबी येते, गैरसमज येतो, आजार येतो. जात येत नाही. याचे कारण आडनावे आधीच जुळविलेली असतात. १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी आंतरजातीय विवाह हा जातीवरचा खरा उपाय म्हणून सांगितला. त्या दृष्टीने पाहता प्रेमकथा हा फुटकळ वाङ्मयप्रकार राहत नाही. कोणी कोणावर प्रेम करणे शक्य आहे, याची कल्पना वाचक प्रथम तेथे करून पाहतो. जी प्रेमकथा ही कल्पना आपल्याच जातीच्या कुंपणात ठेवते, तिच्याविषयी आमची तक्रार आहे. तीत प्रेम आहे म्हणून नव्हे.

प्रेमगीताविषयी तथागतांचा दृष्टिकोन दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात दिसतो. पञ्चसिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन भगवंतांसमोर येतो आणि आपल्या प्रियेवरचे, भद्दा सुरियवच्चसेवरचे, गीत गातो. त्यात बुद्ध, धम्म, अर्हत यांचे उल्लेख आणि विरहाची व्याकुळता एकत्र आली आहे. भगवंत त्याला थांबवीत नाहीत. तारांचा स्वर आणि गीताचा स्वर एकमेकांत छान मिसळले, अशा आशयाची दाद ते देतात आणि हे गीत केव्हा रचले, असे आस्थेने विचारतात. पञ्चसिख सांगतो की, तिचे मन तेव्हा दुसऱ्यावर होते. ज्या गृहस्थ-गृहिणींना प्रेमकथा वाचताना संकोच वाटतो, त्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे. वीतराग पुरुषाने प्रेमगीत ऐकले, त्यातील कारागिरी ओळखली आणि गाणाऱ्याला लाजविले नाही.

तिसरा प्रकार चित्रकथेचा. ती मुलांची वस्तू म्हणून दुर्लक्षिली जाते. पण चित्रांतून कथा वाचणे ही बौद्ध परंपरेची फार जुनी रीत आहे. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर जातकांची दृश्ये कोरून खाली त्यांची नावेही लिहिली आहेत, आणि अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात वेस्सन्तराची कथा भिंतीवर प्रसंगाप्रसंगाने उलगडते. आपल्या घरांतील मुलांनी मात्र 'इंद्रजाल'मधला वेताळ आणि १९६७ पासून निघालेली 'अमर चित्रकथा' वाचली. या मालेत बाबासाहेबांचे चरित्र १९७९ साली आले. ते आले हे चांगलेच झाले. तथापि एका जिद्दी मुलाच्या यशाची कथा असाच त्याचा घाट आहे, असे आमचे मत आहे. पानांवरील चौकोनांत नायक मोठा होत जातो आणि त्याला छळणारी व्यवस्था काही दुष्ट माणसांपुरती आक्रसते.

२०११ साली 'नवयान'ने प्रसिद्ध केलेल्या 'भीमायन' या चित्रग्रंथाने हा घाट मोडला. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता आणि दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रे असा हा ग्रंथ. आधार आहे तो बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींचा. मसूर स्थानकावरील मुले, बडोद्यातील पारशी विश्रामगृह, दौलताबादच्या किल्ल्यातील पाणी हे प्रसंग तीत आहेत. व्याम दांपत्याने माणसांना चौकोनांत कोंडण्याचे नाकारले. जातीचे विष असलेले बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात आणि सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात त्यांनी काढले. वाक्य वाचण्याआधीच ते डसणार की नाही, हे लहान मुलालाही कळते. मोह दूर करणारे चित्र म्हणतात ते असे. याच्या शेजारी जपानी चित्रकार ओसामू तेझुका यांची १९७२ ते १९८३ या काळात प्रसिद्ध झालेली 'बुद्ध' ही प्रदीर्घ चित्रमाला ठेवून पाहावी. तीत चाप्रा हा शूद्र दास आणि तत्ता हा बहिष्कृत मुलगा ही कल्पित पात्रे आणून जातीची क्रूरता आरंभीच समोर आणली आहे, हे तिचे बळ. पण तत्ता प्राण्यांच्या देहात शिरतो, असे चमत्कारही तीत आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचलेल्या घरात मुलाच्या हाती ही माला देताना, यातले काय घडणे शक्य आहे आणि काय नाही, हा प्रश्न त्याच्याशी बोलावा. मुले असा प्रश्न आनंदाने घेतात.

एक उदाहरण सांगून हे विवेचन आवरते घेतो. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे नाव मराठी वाचकाला चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यामुळे ठाऊक आहे. ते बडोद्यास पालि शिकवीत होते, पालि भाषेचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहिले आणि जातकातील गोष्टी मराठीत आणल्या, हे मात्र थोड्यांना माहीत असते. पालि जाणणारा माणूस लोकांना हसवूही शकतो, आणि या दोन गोष्टी एकाच लेखणीतून निघाल्या, तरी धम्माचे काही बिघडत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराच्या वाचनालयात एक कप्पा रंजक पुस्तकांसाठी उघडपणे ठेवावा. त्यात अर्नाळकर असावेत, अण्णा भाऊ असावेत, चांगली प्रेमकथा असावी, 'भीमायन' असावे आणि जातककथाही त्याच कप्प्यात असाव्यात. पुस्तक घेणाऱ्या कामगाराला वा मुलीला 'यापेक्षा काही चांगले वाच' असे कोणी सांगू नये. महिन्यातून एकदा वाचकांनी एकत्र बसून, वाचलेल्या कथेत संशय कोणावर गेला, प्रेम कोणाला करू दिले आणि चित्रात कोण मोठा व कोण लहान काढला, एवढे बोलावे. पाळीनंतरचे दोन तास ज्याचे आहेत, ते कसे घालवावेत हे त्याने ठरवावे. पुस्तकाविषयी बोलायला सोबती मिळवून देणे हे वाचनालयाचे काम आहे.